सापळ्यात माश्यांचा खच, तरी आंब्यात अळी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड भागातल्या एका बागायतदारांनी हापूसच्या बागेत फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉल या वासाच्या रसायनाचे सापळे लावले. सापळ्यांत माश्यांचा अक्षरशः खच पडला, तरीही मे महिन्यात उतरवलेल्या आंब्यांत अळ्या निघाल्या. त्यांतलाच एक सापळा त्यांनी घराशेजारच्या कारल्याच्या मांडवात टांगला, त्यात जवळजवळ काहीच आले नाही आणि कारली मात्र किडत राहिली. त्यांची विचारणा अशी की सापळे काम करतात की नाही, आणि सापळ्याच्या वासाने उलट बाहेरच्या माश्या बागेत ओढल्या जातात की काय.

सापळा त्याचे काम करतो आहे. फक्त ते काम नराशी संबंधित आहे आणि आंब्याचे नुकसान मादी करते. नर आणि मादी एकाच झाडावर वावरत असले तरी दोघांना खेचणारे वास वेगळे, दोघांची भूक वेगळी आणि त्या भुकेची वेळही वेगळी. सापळा, आमिष, बागेची स्वच्छता आणि काढणी या चारही गोष्टी मादीच्या वेळापत्रकाशी जुळल्या नाहीत, तर सापळ्यातला खच पाहून मिळणारे समाधान फसवे ठरते. म्हणून आधी नराकडे आणि मग मादीकडे सविस्तर पाहू.

मिथाईल युजेनॉलचा शोध आपल्याच देशातला आहे. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली नोंदवले की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धाव घेतात आणि त्या सगळ्या नर असतात. १९१५ पर्यंत त्यांनी या आकर्षणाच्या मुळाशी असलेला घटक मिथाईल युजेनॉल हा असल्याचे निश्चित केले. आज शंभरहून अधिक वर्षांनंतरही आंब्यावरच्या फळमाशीच्या नराला खेचणारे याहून प्रभावी रसायन आपल्या हाती नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच रसायनावर चालतो.

पुष्कळ जण या सापळ्याला सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणतात, आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. विदर्भातल्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी जो सापळा लावतात, त्यातल्या ल्यूरमध्ये, म्हणजे गंध सोडणाऱ्या वस्तूत, मादी पतंगाच्या गंधाची नक्कल असते. तो घटक, म्हणजे गॉसिप्लूर, १९७३ मध्ये ओळखला गेला. तिथे मादी गंध सोडते आणि नर तिला शोधत येतो. म्हणूनच शेतभर तो गंध पसरवून नराला गोंधळात टाकण्याची, मिलनात अडथळा आणण्याची पद्धत कपाशीत वापरता येते. फळमाशीत हे चित्र उलटे आहे. इथे गंध नर सोडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. मिथाईल युजेनॉल हा मादीचा गंध नाहीच. नराला तो खाण्यासाठी हवा असतो.

एखाद्या सकाळी सापळ्यातला मिथाईल युजेनॉलमध्ये भिजवलेला ठोकळा बाहेर काढून विषाविना असाच नवा ठोकळा फांदीला टांगून पाहावा. थोड्याच वेळात नर येऊन बसतात, सोंड टेकवतात आणि इतक्या तल्लीनतेने चाटू लागतात की बोट जवळ नेले तरी लवकर उडत नाहीत. हे पोट भरणे नव्हे. चाटलेले मिथाईल युजेनॉल नराच्या शरीरात बदलते. त्यापासून कोनिफेरिल अल्कोहोल आणि त्याच्यासारखी दुसरी संयुगे तयार होऊन गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठतात. संध्याकाळी, सूर्य मावळताना, नर पानांच्या खाली जमतात, पंख वेगाने फडफडवतात आणि ती साठवण हवेत सोडतात. मादी त्या वासाकडे येते. ज्या नराने मिथाईल युजेनॉल खाल्ले आहे त्याला मादी अधिक प्रमाणात स्वीकारते, हे प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि एकदाच खाल्ल्याचा हा लाभ महिनाभरापर्यंत टिकू शकतो. निसर्गात हे रसायन नराला फुलापानांतून मिळते. आपल्याकडे तुळशीच्या पानांत ते असते; बहावा फुलला की त्याच्या फुलांवरही हे नर दिसतात.

आता सापळ्याच्या मर्यादा यातूनच कळतात. पहिली मर्यादा अशी की प्रौढ, मिलनक्षम झालेला नरच या वासाला जोरात प्रतिसाद देतो. कोषातून बाहेर पडून तो त्या अवस्थेला येईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात, आणि सापळ्यात येण्याआधी त्याचे मिलन झालेलेही असू शकते. दुसरी मर्यादा, एक नर आयुष्यात अनेक माद्यांशी मिलन करतो, तर मादीने एकदा घेतलेले शुक्राणू तिच्या शरीरात साठून बराच काळ पुरतात. शंभरातले नव्वद नर मेले तरी उरलेले दहा पुष्कळ माद्यांना पुरे पडतात. नरांच्या संख्येत मोठी घट होऊनही अंड्यांच्या संख्येत तेवढी घट दिसत नाही, ती यामुळे. तिसरी मर्यादा, ज्या नराने बाहेर कुठे एकदा भरपूर मिथाईल युजेनॉल खाल्ले आहे, त्याला पुढचे काही दिवस सापळ्याची ओढ कमी वाटते. (यावरून कोणी अंगणातली तुळस उपटू नये, त्यातून मिळणारा फायदा काहीच नाही.) चौथी आणि कोकणात सर्वांत महत्त्वाची मर्यादा म्हणजे शेजारची बाग. तिथे मिलन झालेली मादी कुंपण ओलांडून आपल्याकडे अंडी घालायला येते, आणि तिला आपल्या सापळ्याशी काहीही देणेघेणे नसते.

केवळ नरांचा नायनाट करून फळमाशी संपवता येते, याचे जगात गाजलेले उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या रोटा बेटाचे आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथे मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तंतुपुठ्ठ्याचे तुकडे विमानातून टाकले गेले आणि आंब्यावरची ही फळमाशी बेटावरून नाहीशी झाली. जपानच्या ओकिनावा भागातल्या बेटांवरूनही १९८० च्या दशकात ती याच मार्गाने हटवली गेली. पण रोटाचे क्षेत्रफळ जेमतेम ८५ चौरस किलोमीटर, सभोवती समुद्र, बाहेरून मिलन झालेली मादी येण्याची शक्यता नगण्य, आणि मोहीम एकाच वेळी संपूर्ण बेटावर राबवलेली. आपल्याकडे दोन एकरांच्या बागेत लावलेल्या सापळ्यांकडून तशी अपेक्षा करणे योग्य नाही. वाडीतल्या सगळ्या बागायतदारांनी एकाच आठवड्यात, काढणीच्या दीड-दोन महिने आधी सापळे लावले, तर मात्र परिणाम खूप वेगळा दिसतो, हे मी ठामपणे सांगतो. मादीला नरच मिळणार नाही अशी स्थिती मोठ्या सलग क्षेत्रातच निर्माण होते.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तरही इथेच देतो. सापळ्याच्या वासाने बाहेरचे नर निश्चितच ओढले जातात. पण नर फळात अंडी घालत नाही, त्यामुळे ते आल्याने आंब्याचे नुकसान वाढत नाही. सापळ्यातला खच हा त्या भागातल्या माश्यांच्या संख्येचा अंदाज देणारा आकडा म्हणून वाचावा. आठवड्याला सापळ्यातले नर मोजून वहीत लिहिले आणि आकडा झपाट्याने वाढू लागला, की मादीसाठीची तयारी लगेच सुरू करावी. माझ्या मते लहान बागेत सापळ्याचा खरा उपयोग हाच आहे.

आता मादीविषयी. कोषातून बाहेर पडलेल्या मादीच्या अंडाशयात तयार अंडी नसतात. पतंगांच्या अनेक जातींत अळीने साठवलेल्या अन्नावरच मादीची अंडी पोसली जातात, प्रौढ पतंगाने थोडा मध चाखला किंवा चाखला नाही तरी चालते. फळमाशीचे तसे नाही. तिला अंडी पिकवण्यासाठी प्रौढावस्थेत प्रथिने खावीच लागतात, जशी डासाच्या मादीला रक्ताची गरज असते. नुसत्या साखरेवर ठेवलेली मादी जगते, उडते, पण अंडी अगदी थोडी घालते. प्रथिने मिळाली तर तीच मादी आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. बागेत ही प्रथिने तिला पक्ष्यांच्या विष्ठेतून, पानांवर वाढणाऱ्या जिवाणूंतून, फुटलेल्या आणि आंबलेल्या फळांच्या रसातून, परागकणांतून मिळतात. तुडतुड्यांनी पानांवर सोडलेला चिकट गोड स्राव मुख्यतः साखरेचा असला तरी त्यावर वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांसह तोही तिच्या उपयोगी पडतो. मोहोराच्या वेळी तुडतुडे आटोक्यात ठेवण्याचा हा एक कमी चर्चिलेला फायदा आहे.

मादी बाहेर पडल्यापासून पहिली अंडी घालेपर्यंतचा हा एक ते दीड आठवडा आपल्यासाठी सर्वांत मोलाचा. या काळात ती प्रथिनांच्या वासाकडे आतुरतेने जाते. अंडी पिकली की तिची ओढ बदलते. प्रथिनांच्या वासाचे आकर्षण कमी होते आणि फळाचा वास तिला खेचू लागतो. म्हणून आंबे पाडाला लागल्यावर, नुकसान दिसल्यावर प्रथिनयुक्त आमिष फवारणाऱ्या बागायतदाराचे काम अर्धवट राहते. त्यावेळी बागेत शिरणाऱ्या कितीतरी माद्यांचे पोट भरलेले आणि अंडी तयार असतात. आमिषाची सुरुवात काढणीच्या सुमारे महिनाभर आधी व्हायला हवी, म्हणजे भुकेल्या माद्या गाठता येतात.

आमिष म्हणजे प्रथिनांचे जलविच्छेदित (लहान तुकड्यांत फोडलेल्या प्रथिनांचे) द्रावण आणि त्यात शिफारस केलेले कीटकनाशक अत्यल्प प्रमाणात. जगात अनेक ठिकाणी हे द्रावण बिअरच्या कारखान्यात उरणाऱ्या यीस्टपासून बनवतात. टोंगासारख्या बेटांवर आणि व्हिएतनाममध्ये ही पद्धत यशस्वी ठरली आहे. आपल्याकडे गुळाचे पाणी वापरण्याची जुनी रीत आहे. ताज्या गुळाच्या पाण्यात मुख्यतः साखर असते, त्यामुळे ते आंबल्यावर, त्यात यीस्ट वाढल्यावर अधिक उपयोगी पडते. तरीही प्रथिनांच्या आमिषाची बरोबरी ते करत नाही. हे आमिष झाडभर फवारायचे नसते. पानांच्या खालच्या बाजूस, झाडाच्या सावलीच्या भागात, ठिकठिकाणी जाड थेंबांचे पट्टे मारावेत. वास मादीला तिथे आणतो, त्यामुळे फळावर विष पडत नाही आणि औषधही थोडे लागते. मोहोरावर किंवा फुलांवर मात्र कधीच मारू नये. मधमाश्या त्यात सापडतात. कीटकनाशक कोणते, किती आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे, हे लेबलवर लिहिलेले असते आणि ते काटेकोरपणे पाळावे, विशेषतः माल निर्यातीला जाणार असेल तर.

अंडी पिकलेली मादी फळ कसे निवडते, हेही पाहण्यासारखे आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील संशोधनातून असे दिसले की पिकत्या आंब्याच्या सुगंधातील गॅमा-ऑक्टालॅक्टोन हे संयुग एकटेच मादीला अंडी घालायला प्रवृत्त करू शकते, समोर आंबा नसला तरी. याचा अर्थ मादीच्या लेखी ‘इथे अंडी घाल’ ही सूचना फळाच्या आकारात नसून या वासात आहे. झाडावर हे प्रत्यक्ष पाहता येते. मादी पाडाला आलेल्या आंब्यावर उतरते, डोके टेकवत फिरते, वारंवार सोंड लावून पाहते, मग पोटाचे टोक खाली वाकवून अंडनलिका सालीत खुपसते. काही मिनिटे ती जागची हलत नाही. ती निघून गेल्यावर भिंग लावून पाहिले तर सुईच्या टोकाएवढे छिद्र आणि त्यावर चिकाचा एक थेंब दिसतो. साल धारदार पात्याने अलगद सोलली तर तिच्याखाली पांढरी, लांबट, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी एकत्र रचलेली सापडतात. एक-दोन दिवसांत ती फुटतात. अळ्या गराकडे सरकतात, आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाचा आतला भाग आठवडाभरात मऊ पडतो.

सफरचंदावरची अमेरिकेतली फळमाशी अंडी घालून झाल्यावर फळावर गंधाची खूण उमटवते आणि दुसरी मादी ते फळ सहसा टाळते. आपल्या आंब्यावरची माशी अशी शिस्त पाळत नाही. आधीच्या मादीने केलेले छिद्र, काठी लागून फुटलेली साल, चिरलेला देठाजवळचा भाग, यांतून सुटणारा वास तिला अधिक सोयीचा वाटतो आणि त्याच जागी दुसरी, तिसरी मादीही अंडी घालते. म्हणून काढणीच्या वेळी झाडावर राहून गेलेले जखमी फळ हे अख्ख्या कलमासाठी धोक्याचे असते.

यावरून उपाय सरळ निघतात. जो वास मादीला बोलावतो तो बागेत साचू देऊ नये. झाडपिका आंबा ठेवायचा मोह टाळावा. तयार झालेले, हिरवे फळ देठासह वेळेवर उतरवले तर हापूसमधले नुकसान फार कमी होते. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचे पाऊस सुरू झाल्यावर माश्यांची संख्या चढती असते आणि उशिरा उतरणाऱ्या मालात अळी जास्त निघते, त्यामुळे लवकर संपलेली काढणी हे स्वतंत्र संरक्षणच आहे. फळ कोंबडीच्या अंड्याएवढे झाल्यावर त्याला कागदी पिशवी घातली तर मादी सालीपर्यंत पोहोचतच नाही. निवडक, चांगल्या दराच्या फळांसाठी मी ही मेहनत नक्की करायला सांगतो.

खाली पडलेली फळे हा मात्र असा विषय आहे की ज्यावर मी सर्वांत जास्त आग्रह धरतो. पडलेल्या आंब्यातली पूर्ण वाढलेली अळी शरीर वाकवून उडी मारते, मातीत शिरते आणि वरच्या काही सेंटिमीटरच्या थरात कोष करते. उष्ण हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे एप्रिलच्या अखेरीस उचलायचे राहिलेले फळ मेच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या माश्या देते, आणि त्यातल्या माद्यांना बाजूलाच आंबलेला रस खायला मिळतो. वास, अन्न आणि अंडी घालायची जागा, तिन्ही गोष्टी एकाच झाडाखाली. पडलेली फळे दर दोन-तीन दिवसांनी वेचून किमान दोन फूट खोल पुरावीत, किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. बांधावरची रायवळ झाडे, परसातला पेरू, चिकू यांखालची फळेही यात धरावीत. हापूसची काढणी संपल्यावर माशी तिथेच तग धरते. हवाईमध्ये अशी फळे बारीक जाळीच्या तंबूत ठेवतात. जाळीतून माशी बाहेर पडू शकत नाही, पण तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे सूक्ष्म गांधीलमाशीसारखे परोपजीवी कीटक निसटतात आणि बागेत परततात. तो परोपजीवी कीटकही वासाचाच माग काढत माशीची अंडी शोधतो.

हे सगळे कशासाठी, असे वाटत असेल तर २०१४ सालची आठवण पुरेशी आहे. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी वारंवार आढळल्यामुळे युरोपीय संघाने त्या वर्षी १ मेपासून आपला आंबा आणि त्याबरोबर कारले, वांगे, पडवळ आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली. आज निर्यातीच्या आंब्याला गरम पाण्याची, वाफेची किंवा विकिरणाची प्रक्रिया करावी लागते. पण प्रक्रियेने अळी मेली तरी खराब झालेला गर परत येत नाही. बागेतला उपाय पहिला.

राहिला कारल्याचा मांडव. तिथे तुमच्या सापळ्यात काही आले नाही, कारण कारल्यावरची माशी वेगळ्या जातीची आहे. कारले, दुधी, दोडका, काकडी, कलिंगड यांवर येणाऱ्या वेलवर्गीय फळमाशीच्या नराला मिथाईल युजेनॉलचे आकर्षण नाही. त्याला क्यू-ल्यूर हा दुसरा गंध लागतो. तो मिथाईल युजेनॉलइतका प्रभावी नाही, म्हणून नुसत्या सापळ्यावर विसंबून चालत नाही. ओकिनावामध्येही या जातीसाठी वांझ केलेल्या माश्या मोठ्या संख्येने सोडाव्या लागल्या आणि १९९३ मध्ये तिचे उच्चाटन पूर्ण झाले. दोन्ही प्रकारचे ल्यूर हाताळताना हातमोजे वेगळे वापरावेत, नाहीतर एकाचा वास दुसऱ्या सापळ्याला लागतो आणि नोंदी बिघडतात.

या माशीची मादी पिकलेल्या फळाची वाट पाहत नाही. कोवळ्या कारल्यात, कधी फुलात आणि शेंड्यातही ती अंडी घालते. डंख झालेले कारले एका बाजूला वाकडे होते आणि छिद्रातून चीक ओघळतो. तिची आणखी एक सवय आपल्या उपयोगाची आहे. ती मांडवात राहत नाही. दिवसाचा बराच वेळ आणि रात्र ती शेजारच्या मका, एरंड अशा उंच, रुंद पानांच्या झाडांवर काढते आणि अंडी घालण्यापुरती वेलीवर येते. म्हणून मांडवाच्या कडेने मक्याच्या दोन ओळी लावाव्यात आणि प्रथिनांचे आमिष त्या मक्याच्या पानांखाली मारावे. कारली दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागत असल्याने वेलीवर औषध मारणे धोक्याचे असते. आमिष मक्यावर असल्यामुळे ती अडचणही येत नाही. वेल लावतानाच मका पेरला तर फळधारणेच्या वेळी तो पुरेसा उंच झालेला असतो, आणि पहिले कळे दिसू लागताच आमिष सुरू करता येते. वाकडी, डंखलेली कारली बांधावर फेकू नयेत. तीही आंब्यासारखीच खोल पुरावीत.